बाल्कनीवाला

हरेश, तुझा फ्लेक्स लागलाय. दिवा स्टेशनच्या पूर्वेला, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर. वरच्या पट्टीत चार पुढारी हात जोडून उभे आहेत, त्यातल्या एकाशीही तू कधी बोलला नव्हतास. खाली मधोमध तू. अंगात पांढरा झगा, हातात कॉफीचा कप, मागं निळंशार पाणी. आणि त्याखाली लिहिलंय, 'राजासारखा जगला'. मी रिक्षातून उतरलो, मान वर केली, आणि तुझ्या दहाव्याला आलोय हे विसरून एक सणसणीत शिवी दिली. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं, त्यालाच दिली.

तो फोटो मी काढलाय. हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. तुझ्या घरात तुझे दुसरे फोटो नसतील असं नाही. शाळेतला असेल, मिठागरावर बापाच्या खांद्यावर बसलेला आहे, तो तू मला दाखवला होतास. पण जयेशला, तुझ्या मोठ्या भावाला, नेमका हाच सापडला. चार वर्षं ज्या फोटोवरून त्यानं तुला टोचून खाल्लं, त्यालाच आता हार घातलाय. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तुमच्याकडं तर म्हशीला फ्लेक्स पण लागतो.

दहाव्यानंतर मंडपात जयेश बोलायला उभा राहिला. माइक हातात, डोळ्यांवर काळा चष्मा. म्हणाला, "आमचा हरेश हौशी मानूस. त्यानी कधी टेन्शन घेतला नाय. जगाला करोना झालेला तवा यो बोटीवर बाल्कनीत बसून कॉफी पीत होता." लोक हसले. प्रेमानंच हसले. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. उठलो असतो तर तुझ्या दहाव्याला मारामारी झाली असती आणि तुला ते आवडलं नसतं. तुला तर कधीच काही ठणकावून सांगायला आवडलं नाही. तिथंच सगळी बोंब आहे.

तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय माझं. ते पुरं करायला बसलोय. तू आता मधेच "जाऊ दे ना सिद्धू" म्हणून उठून जाऊ शकत नाहीस.

कुठून सुरू करू? पाहुणे उतरले त्या दिवसापासूनच करतो. युरोपातल्या कुठल्याशा बंदरावर आपल्या क्रूझचे सगळे प्रवासी उतरवले, बॅगांची रांग संपली, आणि जहाजावर आपण नोकरमाणसं तेवढी उरलो. मी कल्याणचा, किचनमध्ये भाजी कापणारा. तू दिव्याचा, हाउसकीपिंगचा. लोकांच्या खोल्या आवरायच्या आणि पलंगावर टॉवेलचे हत्ती, माकडं, हंस करून ठेवायचे. आपल्याला वाटलं, चार दिवसांत घरी. सगळ्यांनाच वाटलं. बॅगा भरून तयार ठेवल्या होत्या, आठवतं? मग एकेका देशानं बंदरं बंद केली. जहाज होतं, डिझेल होतं, खायला होतं, फक्त उतरायला जमीन नव्हती.

पहिले काही आठवडे तर बरे गेले, खोटं कशाला बोलू. पाण्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीतून आपण वर येऊन मोकळे फिरायचो. कॅसिनोत खुर्च्या उलट्या टाकलेल्या. स्विमिंग पूल रिकामा, त्याच्यावर जाळं. लॉबीतला पियानो झाकलेला, पण वरच्या स्पीकरमधून गाणी चालूच, ती बंद करायचं बटण कुणाला सापडत नव्हतं. लिफ्टच्या तळाशी वाराचं नाव लिहिलेली चटई असायची, रोज बदलायची. ती बदलणारा मुलगा आजारी पडला आणि आपल्या लिफ्टमध्ये कायमचा रविवार झाला. तू म्हणायचास, "बघ, माझ्या नशिबात पहिल्यांदा रविवार आला आणि तो पण जात नाय."

तुझं काम तेव्हा काय होतं? रिकाम्या खोल्यांतले नळ सोडायचे. पाइपात पाणी साचून राहिलं तर रोग होतो, म्हणून प्रत्येक खोलीत जायचं, बेसिनचा नळ सोडायचा, शॉवर सोडायचा, फ्लश ओढायचा, थोडा वेळ पाणी वाहू द्यायचं, बंद करायचं, पुढची खोली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग परत पहिल्यापासून. ज्या दिव्यात तुझी आई टँकर आला की जेवणावरून उठते, त्या दिव्याचा पोरगा दिवसभर गोडं पाणी गटारात सोडत होता. त्या कामाला तू नाव ठेवलं होतंस, 'पाप'. संध्याकाळी भेटलास की विचारायचो, "आज किती पाप झालं?" तर म्हणायचास, "सातवा मजला पुरा."

मग काही जणांना ताप आला आणि सगळं फिरलं. एका खोलीत दोघं नकोत म्हणून कंपनीनं आपल्याला वर हलवलं, पाहुण्यांच्या खोल्यांत. एकेकाला एकेक बाल्कनीची खोली. काय हरखलो होतो आपण. मऊ गादी, कपाटात झगा, समुद्राकडं उघडणारं काचेचं दार. माझी खोली तुझ्या शेजारची, बाल्कन्यांच्या मधे फक्त एक पडदीवजा फळी. खोलीत पोचलो आणि तासाभरात टीव्हीवर कॅप्टन आला. म्हणाला, आजपासून खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवणाचा डबा दाराशी येईल. कॉरिडॉरमध्ये गार्ड असेल. जो बाहेर दिसेल त्याची नोकरी गेली. आणि शेवटी, आपण सगळे एक कुटुंब आहोत. पगार थांबवल्याचा निरोप त्यानंतर आला, कुटुंबाच्या आधी सांगायला त्यांना लाज वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी तू फळीवरून डोकं काढलंस. अंगात तो झगा. "सिद्धू, एक फोटो मार." मी म्हटलं, "कशाला?" तर म्हणालास, "बाबा लय काळजी करतोय. टीव्हीवर बघतो बोटी अडकल्या, मानसं आत कोंडली, आणि रडतो. त्याला दाखवतो, मी कसा हाय." कप रिकामा होता. आपल्याला कॉफी कुठली, डब्यात थंड भात आणि उकडलेली कोंबडी यायची. तू कप ओठांपाशी धरलास आणि हसलास. तीन-चार काढले, त्यातला एक तुला पसंत पडला. "ह्याच्यात मी मालक दिसतो."

बाबाचा फोन आला तेव्हा तू स्पीकर लावलास, मला ऐकू यावं म्हणून. म्हातारा नुसता उकळत होता आनंदानं. "हरेश, ही गॅलरी तुजे एकल्याची हाय? आपले बिल्डिंगीची गॅलरी हिचे म्होरं कायच नाय." तू म्हणालास, "माझे एकट्याची, बाबा. जेवान पन दारावर आनून देतात." हे दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून जास्त खोटं झालं. बाबानं तो फोटो सगळ्या दिव्याला दाखवला. तुमच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या बिल्डिंगीत प्रत्येक भाडेकरूला, दूधवाल्याला, लस नव्हती तेव्हा तपासायला येणाऱ्या नर्सला. सगळं आयुष्य मिठागरात गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्यात गेलं त्याचं. आता त्याच समुद्रावर पोरगा झगा घालून बसलाय, ह्यापेक्षा त्याला आणखी काय हवं होतं?

मला तो फोटो तेव्हाही आवडला नव्हता. मी म्हटलं होतं, "अरे, खरं सांग ना. कोंडलेत म्हणून सांग. काळजी करतील तर करू देत, आईबाप आहेत." तू म्हणालास, "तुझे घरी सगळे वाचतात, समजतात. माझे घरी बाबा जेवत नाय." भांडण तिथं सुरू झालं आपलं. चार वर्षं चाललं. तू गेलास म्हणून ते मिटलं असं मी मानत नाही.

मग माझी पाळी आली. ताप आला, अंग मोडून गेलं, डॉक्टर दारातूनच थर्मामीटर दाखवून निघून गेला. आईला फोन करायची हिंमत नव्हती. त्या दिवसांत फळीपलीकडून तू बोलत राहिलास. सकाळी उठल्यापासून. मला उत्तर देता येत नव्हतं तरी बोलत राहिलास. मिठाच्या राशींवर कसं घसरायचं, खाडीत चिंबोऱ्या कशा पकडायच्या, जयेशनं लहानपणी तुझ्यासाठी कुणाचं नाक फोडलं होतं. तुझ्या बॅगेत आईनं दिलेली सुकटीची चटणी होती, वर्षभर पुरवून खात होतास. ती तू कपड्यांच्या हँगरला डबी बांधून फळीवरून माझ्याकडं सोडलीस. पाच तारे असलेल्या खोलीत सुकटीचा वास. त्या वासानं मला पहिल्यांदा भूक लागली. मी हे तुला कधी नीट सांगितलं नाही. आपल्यात असलं कोण बोलतं? पण मी त्या खोलीतून चालत बाहेर आलो ते तुझ्या बडबडीमुळं. तुझ्या घरात हे कुणी माइकवर सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

शेवटी कंपनीनं आपल्या देशाची माणसं गोळा करून जहाज मुंबईकडं वळवलं. मुंबईच्या बाहेर, समुद्रात नांगर टाकला. किनारा दिसत होता. धुरकट, पण दिसत होता. भारतातलं सिम जागं झालं आणि सगळ्या जहाजावर एकदम मोबाइल वाजायला लागले. सगळ्यांना वाटलं, पोचलो. आणि तिथंच अडकवून ठेवलं. आज परवानगी येईल, उद्या येईल. कागद इकडे आहे, कागद तिकडे आहे. हजारो मैल तोडून आलो आणि दारातल्या पायपुसण्यावर उभं केलं आपल्याला.

तिथं असताना तुझा बाबा आजारी पडला. ताप, मग दम. तू एचआरला फोन केलास, कॅप्टनला चिठ्ठी पाठवलीस, एजंटला विनवण्या केल्यास. एक होडी द्या म्हणालास. मी ऐकत होतो पलीकडून. तुझं ते मोडकं इंग्रजी, "सर, माय फादर, सर, आय सी माय होम फ्रॉम हिअर, सर." घर कुठलं दिसतंय दिव्याचं समुद्रातून? पण तुला दिसत होतं. समोरचा माणूस फार गोड बोलला. त्याला समजत होतं, त्याला वाईट वाटत होतं, त्याच्या हातात काही नव्हतं. त्या काळात कुणाच्याच हातात काही नव्हतं, फक्त सगळ्यांच्या हातात सॅनिटायझर होतं.

बाबा गेला. जयेशचा फोन आला. मी फळीपाशी उभा होतो, त्यामुळं मी पण ऐकला. "बाबा गेला. मी दिला अग्नी. एकल्यानं. तू बस बाल्कनीत." एवढंच. तू फोन खाली ठेवलास आणि मला विचारलंस, "आता काय करतात रे?" मी काय सांगणार? आमच्या घरात दहावं, पिंड, काही नसतं. आम्ही बुद्धवंदना म्हणतो. मी तीच म्हटली, बाल्कनीतून, जमेल तशी. तू हात जोडून ऐकलीस.

दहाव्या दिवशी आपल्याला मोकळ्या हवेची पाळी मिळाली. तासभर वरच्या डेकवर, अंतर ठेवून. तू सकाळच्या डब्यातला भात राखला होतास. बर्गरच्या पावावरचे तीळ नखानं खरवडून काढले होतेस. "काळे लागतात," तू म्हणालास, "पण हे पांढरेच मिळाले." भाताचे गोळे केलेस, तीळ लावलेस, पूलच्या काठावर ठेवलेस आणि कावळ्याची वाट बघत बसलास. समुद्रात कावळा. मला हसू येत होतं. कावळा कुठून येणार? कुरव पक्षी आले, चार-पाच, घिरट्या घालत. तू हात हलवून त्यांना हाकलत होतास. मी म्हटलं, "खाऊ दे ना. पक्षीच आहे तो पण."

"तो बाबाला ओळखत नाय."

"अरे, तुझा बाप जन्मभर मिठागरात होता. कावळ्यापेक्षा हेच जास्त ओळखत असतील त्याला."

तू पुन्हा हात हलवून त्यांना हाकललंस. हा मुद्दा आपला कधीच मिटला नाही. मला अजून वाटतं मी बरोबर होतो.

मग तू पूलच्या स्टँडवरचा टॉवेल घेतलास. गडद निळा, पोहणाऱ्यांसाठी ठेवलेला. कावळा आला नाही तर गावाला दर्भाचा कावळा करून शिववतात म्हणे. तू टॉवेलचा केलास. गुडघ्यावर घड्या घालत, चोच काढत, पंख दुमडत. ट्रेनिंगमध्ये हत्ती शिकवला होता, हंस शिकवला होता; कावळा कुणी शिकवला नव्हता. लोकांच्या हनिमूनसाठी हंस करणारे हात ते. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. अगदी कावळा. मान जराशी तिरकी. तो तू भाताजवळ नेलास, चोच टेकवलीस, आणि बापाला म्हणालास, "बाबा, मी येवाला बघत होतो. नाय सोरला मना." मग तू रडलास, आणि गार्ड लांबून ओरडला की मास्क वर घ्या.

मी हे जयेशला सांग म्हटलं होतं. आपण उतरलो, हॉटेलात कोंडून ठेवलं, मग घरी गेलो, तेव्हाच सांग म्हटलं होतं. तू घरात शिरलास तर जयेश ओट्यावर बसून म्हणाला, "झाला फिरून?" शेजारपाजारच्यांसमोर. तू मान खाली घालून आत गेलास. पुढं तुझं नावच पडलं, बाल्कनीवाला. जयेशची पोरं पण म्हणायची, 'बाल्कनी काका'. बाबाच्या वर्षश्राद्धाला तुला पुढं बसू दिलं नाही. तुझं लग्न त्या कॉन्ट्रॅक्टनंतर व्हायचं होतं, ते मोडलं. दुसरं बघायला घरातल्या मोठ्यानं पुढाकार घ्यावा लागतो, मोठा गप्प बसला.

आणि तू? ठाण्याला तलावपाळीवर येऊन माझ्याजवळ बसायचास. मी तेव्हा नौपाड्यात कॅन्टीनला लागलो होतो, जहाजाला रामराम ठोकून. मी दर वेळी तेच म्हणायचो. "सांग ना त्यांना. कप रिकामा होता म्हणून सांग. दाराबाहेर गार्ड होता म्हणून सांग. मी येतो, मी सांगतो." तू दर वेळी तेच म्हणायचास. "बाबा खूश होऊन गेलेला, सिद्धू. माझा पोरगा राजासारखा हाय, असा बोलत गेला. आता मी सांगू, ते खोटा होता? मेलेल्या मानसाला खोटा पाडू?"

"मेलेल्याला नाही, जिवंत आहे त्याला खरं सांग."

"जयेश रागावलाय ते बरोबरच हाय. तो होता, मी नव्हतो. कारन काय पन असो. त्यानी एकट्यानं बापाला अग्नी दिला. मी नव्हतो."

ह्या 'मी नव्हतो'वर आपलं भांडण येऊन थांबायचं. त्याच्यापुढं मी कधी गेलो नाही. तू खरंच नव्हतास. मग तू पुन्हा जहाजावर गेलास. मी चिडलो. ज्यांनी तुला बापाच्या मरणाला सोडलं नाही त्यांच्याच खोल्या आवरायला परत? तर म्हणालास, "तिथं निदान कामाला तरी हाक मारतात." मी दोन महिने तुझा फोन घेतला नाही. मग घेतला. तू असा बोललास जणू कालच बोललो होतो.

ह्या वेळी सुट्टीवर आलास आणि आठवडाही झाला नाही. छातीत कळ आली, ठाण्याला पोचायच्या आत संपलास. चाळीसचा पण नव्हतास. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला विचारलं असतं तर मी दुसरं काही सांगितलं असतं, पण मला कोण विचारतंय?

तेरावं झाल्यावर मी ठरवून दिव्याला गेलो, जयेश घरी नसेल अशा वेळी. तुझी आई ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी शेजारी बसलो, दोन शेंगा हातात घेतल्या आणि सगळं सांगितलं. कुणाला सांगणार नाही म्हणून तुला दिलेला शब्द मोडला. माझी अजिबात माफी मागायची इच्छा नाही. रिकामा कप सांगितला, गार्ड सांगितला, तू होडी मागितलीस ते सांगितलं, टॉवेलचा कावळा सांगितला. म्हातारी सोलत राहिली. सगळं झाल्यावर म्हणाली, "फोटो खोटा तं खोटा, बाला. तो बगून त्यांनी भाकर खाल्ली."

मग तिनं सूप बाजूला केलं आणि मला म्हणाली, "तुनी सांगितला, आता मी सांगतंय. त्यांचे जवल कोनच नवता."

मला आधी कळलंच नाही. ती सांगत गेली. अॅम्ब्युलन्सची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. पिशव्यांसारखे कपडे घातलेली माणसं बाबाला घेऊन गेली. जयेश बाइकवरून मागं गेला, हॉस्पिटलच्या गेटवरून त्याला परत पाठवलं. पुढं निरोप आला की गेले, घरातल्या एकानं यायचं असेल तर स्मशानात यावं, कपडे तिथं मिळतील. जयेश तयार झाला. बाइकवर बसला. त्याच्या पोरी दारात उभ्या होत्या, धाकटी दोन वर्षांची. तो बाइकवरून उतरला, मोरीत गेला, आतून कडी लावली. बाहेर आला तो हॉस्पिटलला फोन करूनच आला. त्यांना म्हणाला, तुमीच करा. ज्यांनी केलं त्यांची नावंही ह्या घराला माहीत नाहीत.

"लोकांना काय सांगनार?" ती म्हणाली. "जयेशनी अग्नी दिला, असा मीच सांगितला सगल्यांना. तो त्येच धरून बसला."

मी विचारलं, "आणि हरेशला? त्याला तरी सांगायचं."

तुझ्या आईनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. रडत नव्हती. "त्याला कसा सांगू? तो तिकरं पान्यात. बापाजवल कोनीच नवता, असा त्याला सांगू? म्हटला, दोन पोरांतला एक तरी पोचला, असा वाटूंदे त्याला. तेवराच जीवाला बरा."

हरेश, मी शेंगा खाली ठेवल्या आणि उठलो. त्या बाईवर मी कसा रागावू? तू बापाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललास, ती तुला बरं वाटावं म्हणून. तुमच्या घरात सगळे एकमेकांना बरं वाटावं म्हणून झटत होते, आणि बरं कुणालाच वाटत नव्हतं. मला राग आला तो आला. अजून आहे.

गल्लीच्या तोंडाशी जयेशची गाडी आत येत होती. मला बघून त्यानं काच खाली केली. "जेवून जा." मी नको म्हटलं. "मग स्टेशनला सोरतो, बस." मी बसलो. काळा चष्मा आज नव्हता. डोळे तुझ्यासारखेच आहेत त्याचे, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. रेल्वेचं फाटक बंद होतं, गाडी उभी राहिली. स्टिअरिंगवर बोटं वाजवत तो म्हणाला, "तो तिकरं सुखात होता ना रं? तू होतास सोबत."

मी म्हटलं, "नाही."

आणि त्यालाही सगळं सांगितलं. आईला सांगितलं त्यापेक्षा कडक शब्दांत सांगितलं, कारण त्याच्यासाठी माझ्याजवळ दुसरे शब्द नव्हते. फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तो गाडी पुढं घेईना. म्हणाला, "मी पन नवतो तिथं."

"आईनं सांगितलं मला."

"त्यानी मना एकदा पन इचारला नाय. बाबा कसा गेला, शेवटी काय बोलला, एकदा पन नाय. इचारला असता तं मी सांगितला असता. मी वाट बगत होतो, यो इचारंल. तो समोर आला की मना वाटायचा, आता इचारंल, आता इचारंल." मग म्हणाला, "म्हनून त्याला बोलू द्यायचो नाय मी."

सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही. त्यालाही नाही. मी दार उघडून उतरलो, स्टेशनपर्यंत चालत गेलो.

तू का विचारलं नाहीस, ते मला ठाऊक आहे. जो नव्हता त्यानं कुठल्या तोंडानं विचारायचं, असं तुला वाटायचं. तलावपाळीवर बसून मला दर वेळी ऐकवायचास, तो होता, मी नव्हतो. चार वर्षं ते एक वाक्य उराशी घेऊन तू लोकांच्या गाद्या झाडल्यास, आणि त्यातलं अर्धं वाक्य खोटं होतं. तोही नव्हता. तुझ्या बापाला परक्या माणसांनी नेलं, हरेश, तिथं तुमच्यातलं कुणीच नव्हतं. हे तुझ्या घरात दोघांना माहीत होतं, आणि सुट्टीवर आलास की तू त्या दोघांच्या मधे बसून जेवत होतास.